पीपल्स एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये : ओळख, अभ्यासक्रम आणि गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी माहिती

अमेरिकेत सुमारे शंभर विद्यापीठे व महाविद्यालये अशी आहेत, जी मुळात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभी राहिली. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ, अलाबामातील टस्कीगी आणि टेनेसीतील फिस्क ही त्यांतली प्रसिद्ध नावे. आपल्याकडे त्यांच्याशी नाते सांगणारे सर्वांत मोठे काम म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केलेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. मुंबईची सिद्धार्थ महाविद्यालये आणि औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय याच संस्थेची.

पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या आमच्या बहुतेक वाचकांनी ही नावे ऐकलेली आहेत. पण तिथे काय शिकवले जाते, संस्था कशी उभी राहिली आणि आपल्या मुलामुलींना तिचा काय उपयोग, ही माहिती एकत्र सहसा मिळत नाही. ती इथे देत आहोत.

शिक्षणाचे तीन खर्च

आमची नोकरी बँकेतली. त्यामुळे कोणत्याही गोष्टीचा खर्च आधी मांडून पाहण्याची सवय आहे. गरीब घरातल्या मुलाच्या उच्च शिक्षणाला तीन खर्च येतात. पहिला फीचा. दुसरा परगावी राहण्याजेवण्याचा. तिसरा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही. मुलगा कॉलेजात असतो तेवढी वर्षे त्याची मजुरी किंवा पगार घरात येत नाही, तो हा खर्च. फी माफ झाली तरी मूल कॉलेज सोडते, त्याचे कारण बहुतेक वेळा या तिसऱ्या खर्चात असते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे वेगळेपण हे, की तिने या तिन्ही खर्चांचा विचार केला.

संस्थापकाला हे खर्च पुस्तकातून कळलेले नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून १९१६ मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांची जोड मिळाली, तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलनाचा इतिहास वाचणाऱ्या बँकवाल्यांना तो आजही वाचावा लागतो.

पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारकडे पाठपुरावा केला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ मध्ये सुरू झाली. फीचा प्रश्न असा काही अंशी सुटला. उरलेल्या दोन खर्चांसाठी संस्था काढावी लागणार होती.

सिद्धार्थ : सकाळचे कॉलेज

सिद्धार्थ कला व विज्ञान महाविद्यालय २० जून १९४६ रोजी मुंबईत सुरू झाले. सुरुवातीची जागा म्हणजे युद्धकाळात उभारलेल्या लष्करी बराकी. नंतर फोर्ट भागात इमारती मिळाल्या. त्यांना आनंद भवन आणि बुद्ध भवन अशी नावे देण्यात आली. १९५३ मध्ये वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले आणि १९५६ मध्ये विधी महाविद्यालय.

सिद्धार्थची खरी ओळख त्याच्या वेळापत्रकात होती. वर्ग भल्या सकाळी भरत आणि कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास संपत. टपालखाते, रेल्वे, गोदी, नगरपालिका, सरकारी कार्यालये अशा ठिकाणी नोकरी करणारा तरुण सकाळी तास करून कामावर जाऊ शकत असे. जागाही फोर्टातली, म्हणजे कचेऱ्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पगार न बुडवता पदवी मिळू लागली. तिसऱ्या खर्चावर याहून सोपा उपाय नसेल.

हे महाविद्यालय कुठल्या एका जातीसाठी राखून ठेवलेले नव्हते. प्रवेश सर्वांना होता आणि शिक्षकही सर्व समाजांतून घेतलेले होते. एक नाव गोव्याच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. प्रा. मधु दंडवते अनेक वर्षे सिद्धार्थमध्ये पदार्थविज्ञान शिकवत होते. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ते सहभागी झाले. पुढे राजापूरचे खासदार आणि देशाचे रेल्वेमंत्री म्हणून त्यांनी कोकण रेल्वेचा आग्रह सोडला नाही. आज पेडण्याच्या स्थानकावर गाडी थांबते, त्यात सिद्धार्थच्या या प्राध्यापकाचाही वाटा आहे.

मिलिंद : वसतिगृहाचे कॉलेज

मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे उच्च शिक्षणाच्या सोयी अगदी तुटपुंज्या होत्या आणि खेड्यातल्या दलित मुलाला तर त्यांचा दरवाजाही दिसत नव्हता. म्हणून संस्थेने दुसरे महाविद्यालय मुंबईत न काढता जून १९५० मध्ये औरंगाबादला काढले. इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १ सप्टेंबर १९५१ रोजी बसवण्यात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी सुरुवातीच्या काळात या महाविद्यालयाला आकार दिला.

मिलिंद हे नाव १९५५ मध्ये देण्यात आले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. तो वादविवादात कुणाला हार जात नसे. भिक्खू नागसेन यांनी त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि त्या संवादाचा ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ झाला. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे परिसराला, म्हणून हा परिसर नागसेनवन. संस्थेला विद्यार्थ्याकडून काय हवे होते ते या दोन नावांतच सांगून झाले आहे.

इथला प्रश्न मुंबईपेक्षा वेगळा होता. विद्यार्थी नोकरदार नव्हता. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडच्या खेड्यांतून तो पत्र्याची पेटी घेऊन येई आणि शहरात त्याला खोली भाड्याने मिळत नसे. त्यामुळे नागसेनवनात वर्गखोल्यांइतकेच महत्त्व वसतिगृहांना मिळाले. घरातला पहिला शिकणारा मुलगा इतरांबरोबर राहतो, रात्री अभ्यासाला बसतो, वरच्या वर्गातल्या मुलाला अडलेले विचारतो. अर्धे शिक्षण तिथेच होते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात हे मिलिंदचेच विद्यार्थी.

मराठवाड्यात स्वतंत्र विद्यापीठ १९५८ मध्ये झाले, म्हणजे मिलिंद त्याच्या आधी आठ वर्षे. त्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली, घरे जळाली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. एका नावासाठी सोळा वर्षे लागली, हे आजच्या विद्यार्थ्यांना माहीत असले पाहिजे.

अमेरिकेशी धागा

हा धागा बाबासाहेबांच्याही आधीचा आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. सिद्धार्थ सुरू झाले त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागवली. द्यु बॉइस हे फिस्कचे पदवीधर.

अमेरिकेतील संस्थांसमोरही तेच तीन खर्च होते. टस्कीगीची शाळा १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुरू केली. तिथल्या विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या, इमारती बांधल्या आणि त्या कामातून शिक्षणाचा खर्च भागवला. हॉवर्ड विद्यापीठ १८६७ चे. त्याच्या विधी विभागाचे वर्ग सुरुवातीला संध्याकाळी भरत, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करत. १९३० च्या सुमारास चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी या विभागाला पूर्णवेळ कडक शिस्तीचे रूप दिले. तिथून १९३३ मध्ये बाहेर पडलेल्या थर्गुड मार्शल यांनी शाळांमधील वर्णभेदाचा खटला लढवला आणि १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भेद घटनाबाह्य ठरवला. हॉवर्डमध्येही प्रवेशाला वर्णाची अट कधी नव्हती.

हा धागा मिलिंदच्या वर्गांतून मराठी साहित्यात आला. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे आणि प्रा. गंगाधर पानतावणे ही दोन नावे इथे घ्यावी लागतात. कृष्णवर्णीय लेखकांच्या साहित्याची ओळख वानखेडे यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना करून दिली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात नागसेनवनातून ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले आणि पानतावणे यांनी ते अनेक दशके चालवले. दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांचे पहिले लेखन त्यात आले. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरचे नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच घेतलेले होते.

आजचे अभ्यासक्रम

संस्थेची प्रमुख महाविद्यालये व त्यांतील शिक्षण असे :

• सिद्धार्थ कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय, फोर्ट, मुंबई : बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. मुंबई विद्यापीठाशी संलग्न.

• सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय, फोर्ट, मुंबई : बी.कॉम. व वाणिज्य शाखेचे शिक्षण.

• सिद्धार्थ विधी महाविद्यालय, फोर्ट, मुंबई : पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम. महाराष्ट्राची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

• याच परिसरात पत्रकारिता व जनसंज्ञापन, तसेच उद्योग व प्रशासन या विषयांच्या संस्थेच्या स्वतंत्र शाखा आहेत.

• डॉ. आंबेडकर महाविद्यालये, वडाळा, मुंबई : वाणिज्य व अर्थशास्त्र, तसेच विधी.

• मिलिंद कला महाविद्यालय आणि मिलिंद विज्ञान महाविद्यालय, नागसेनवन : मूळ मिलिंदचे दोन भाग. बी.ए. व बी.एस्सी.

• डॉ. बाबासाहेब आंबेडकर कला व वाणिज्य महाविद्यालय, नागसेनवन : बी.ए., बी.कॉम.

• नागसेनवनातील शारीरिक शिक्षण महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय.

• डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय, महाड : चवदार तळ्याच्या गावी १९६१ मध्ये सुरू झालेले. कला, वाणिज्य, विज्ञान. कोकणातून जाणाऱ्यांना सर्वांत जवळचे.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील डॉ. आंबेडकर महाविद्यालय अनेकदा याच संस्थेचे समजले जाते. ते १९६४ मध्ये सुरू झालेले वेगळ्या समितीचे महाविद्यालय आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी आता तीन किंवा चार वर्षांची आहे. एक वर्ष पूर्ण करून थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी मिळते. मिळवलेली श्रेयांके क्रेडिट बँकेत जमा राहतात आणि पुन्हा शिक्षण सुरू करताना वापरता येतात. मात्र खाते उघडले म्हणजे काम झाले असे नाही, हे बँकेतला माणूस सांगू शकतो. त्यात भर पडत राहिली पाहिजे.

संस्थेची आजची स्थितीही सांगितली पाहिजे. तिच्या कारभारावरून गेली अनेक वर्षे वाद चालू आहेत आणि ते न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. जुन्या इमारतींची देखभाल हाही काळजीचा विषय आहे. प्रवेश घेण्याआधी पालकांनी महाविद्यालयाला भेट द्यावी. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहाची खोली डोळ्यांनी पाहावी. कोणत्या विषयाला कायम शिक्षक आहेत ते विचारावे. नावाचा आदर ठेवून हे करता येते.

गोव्यातील स्थिती

मुक्तीपूर्वी गोव्यात लिसेंव होते आणि १८४२ पासूनचे वैद्यकीय विद्यालय होते. कला, विज्ञान किंवा वाणिज्य शाखेची पदवी मात्र गोव्यात मिळत नव्हती. त्यासाठी मुंबई, बेळगाव, धारवाड किंवा पुणे गाठावे लागे. नव्या काबिजादीतल्या, म्हणजे आपल्या पेडणे, डिचोली, सत्तरीच्या मुलांच्या वाट्याला आली तर मराठी प्राथमिक शाळा येई. तीही देवळाच्या नाहीतर कुणाच्या ओसरीवर. त्या शाळेत कोण आत बसणार आणि कोण बाहेर, हेही गावानेच ठरवलेले असे.

मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली. मूळचे पेडण्याचे असलेले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा पोचल्या. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये झाले. तोपर्यंत गोव्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. आमची बी.कॉम.ची पदवी त्याच विद्यापीठाची, म्हणजे सकाळी सिद्धार्थमध्ये शिकून दुपारी कचेरीत बसणाऱ्याच्या हातात जो कागद होता तोच.

आता पेडणे तालुक्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय आहे. डिचोली तालुक्यात साखळीला शासकीय महाविद्यालय आहे. फी फारशी नाही, अंतर बसने जाण्याजोगे आहे. पहिले दोन खर्च आटोक्यात आले. तिसरा मात्र अजून तसाच आहे.

डिचोलीत आम्ही तो जवळून पाहिला. खाणी जोरात होत्या तेव्हा बारावीतला मुलगा ट्रकवर जाई आणि पदवीधर मास्तरापेक्षा जास्त कमवी. ट्रकांसाठी कर्जे निघाली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा दारात उभा ट्रक होता, हप्ते होते आणि हातात बारावीचे गुणपत्रक. पेडण्यात आज मोपाचा विमानतळ आहे, किनाऱ्यावर हॉटेले आहेत, तुयेला औद्योगिक वसाहत आहे. बारावी होताच कंत्राटी नोकरी मिळते आणि घराला पगाराची सवय होते. त्या मुलाला नोकरी सोड आणि शीक असे सांगून कुणी ऐकणार नाही. नोकरी ठेवून शीक, असे सांगता आले पाहिजे. सिद्धार्थने १९४६ मध्ये नेमके तेच सांगितले होते.

आपल्या शासकीय महाविद्यालयांत पाळीच्या नोकरीला सोयीचे सकाळचे किंवा संध्याकाळचे वर्ग सुरू करण्याची मागणी पालकांनी करावी असे आम्हांला वाटते. तोपर्यंत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. त्याचे प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे आणि पदवी मान्यताप्राप्त आहे.

शिष्यवृत्ती, दाखला आणि कर्ज

१. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जातीच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. विद्यार्थी मूळ ज्या राज्याचा, त्या राज्याकडून ती मिळते. म्हणजे पेडण्याची मुलगी मुंबईत शिकत असली तरी अर्ज गोवा सरकारकडे करायचा.

२. जातीचा दाखला : गोव्याच्या अनुसूचित जातींची यादी १९६८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलेली आहे. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना १९९० पासून हा लाभ आहे. एका राज्याच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या राखीव जागा मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. त्यामुळे गोव्याच्या विद्यार्थ्याने महाराष्ट्रातील महाविद्यालयात राखीव जागा गृहीत धरू नये. केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांत हा दाखला चालतो.

३. शैक्षणिक कर्ज : केंद्राच्या हमी योजनेत बसणाऱ्या साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक तारण मागत नाही, पालक सहकर्जदार असतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजनाही आहे. दोन्हींच्या अटी शाखेत व महामंडळाच्या कार्यालयात नीट विचारून घ्याव्यात. फी भरण्याच्या आदल्या आठवड्यात बँकेत जाऊ नये, प्रवेशाचा अर्ज करतानाच कागद जमवायला लागावे.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे पालक विचारायला येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, फी किती. तिथेच न थांबता मुलगी कुठे राहणार आणि घर तिच्या पगारावाचून किती वर्षे निभावू शकेल, हे दोन प्रश्नही त्याच दिवशी कागदावर मांडावेत. नोकरी लागली म्हणून कॉलेज सोडलेले मूल घरात असेल, तर त्याचे वय कितीही असो, त्याला मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणून द्यावा.